पाटणे : दगडातली भाषा आणि दारातली भाषा

गावाचा इतिहास म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात एकच शंका उभी राहते : आमच्या गावाला कसला आला इतिहास? इतिहास असतो तो देवगिरीला, बऱ्हाणपूरला, पुण्याला. आमच्या गावात मारुतीचे देऊळ, पिंपळाचा पार, शाळा, ग्रामपंचायत आणि गावापर्यंत येऊन परत फिरणारी एस.टी. मुक्त विद्यापीठाच्या संपर्कसत्रांतून भेटणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलताना ही शंका मी अनेकदा ऐकली आहे. त्यांतले कोणी शेती करतात, कोणी अंगणवाडी सांभाळतात, कोणी बाजार समितीत मापाडी आहेत. मराठीची पदवी घेत असताना ज्या भाषेचा अभ्यास करायचा ती भाषा आपल्या गावाबाहेर कोठेतरी राहते, अशी त्यांची समजूत असते. या समजुतीला उत्तर म्हणून मी नेहमी एका गावाचे नाव घेतो. ते गाव म्हणजे पाटणे.

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी हे लहानसे गाव आहे. डोंगराच्या माथ्यापलीकडे मराठवाडा सुरू होतो, अलीकडे खानदेशाची काळी जमीन पसरत जाते. जवळून डोंगरी नावाची नदी वाहते आणि पुढे चाळीसगावकडे जाते. गावापासून आत, डोंगराच्या कुशीत चंडिकेचे प्राचीन मंदिर आहे. हीच पाटणादेवी. नवरात्रात तेथे सारा खानदेश लोटतो. उरलेल्या दिवसांत माकडे, मोर, पावसाळ्यात धबधबे पाहायला येणारी तरुण मंडळी आणि अभयारण्याच्या फाटकावरचे वनरक्षक एवढीच वर्दळ असते. गौताळा औट्रमघाट असे या अभयारण्याचे नाव असून ते १९८६ साली घोषित झाले.

या एका नावातच दोन काळ शेजारी बसले आहेत. गौताळा हे गौतम ऋषींच्या लोककथेशी जोडलेले नाव. औट्रम हा जेम्स औट्रम, १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेल्यानंतर येथे भिल्लांची पलटण उभारणारा कंपनी सरकारचा अधिकारी. चाळीसगावहून कन्नडला चढणाऱ्या घाटाला त्याचे नाव मिळाले आणि घाटावरून ते अभयारण्याला लागले. पलटण गेली, साहेब गेला, सरकार गेले. नाव मात्र वन खात्याच्या पाटीवर राहिले. स्थलनामांचा हा स्वभाव आहे. वस्तू नाहीशी झाली तरी नाव तिची जागा धरून ठेवते.

पाटणे या नावाचेही तसेच आहे. संस्कृत ‘पत्तन’, प्राकृत ‘पट्टण’, मराठी ‘पाटण’. अर्थ : नगर, व्यापारपेठ. पट्टणमधील द्वित्त व्यंजनापैकी एक गळून आधीचा स्वर दीर्घ झाला, हा मराठीच्या ध्वनिपरिवर्तनाचा नेहमीचा नियम आपण याच अभ्यासक्रमात शिकतो. ‘हस्त’चा ‘हत्थ’ आणि ‘हत्थ’चा ‘हात’ झाला, तसाच ‘पट्टण’चा ‘पाटण’ झाला. तेव्हा या लहानशा खेड्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘शहर’ असा आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला यातला विरोधाभास गमतीचा वाटला होता. वर्गातला नियम फळ्यावरून उतरून एस.टी.च्या थांब्यावरच्या पाटीवर बसला होता.

हे नगर येथेच का वसले, याचे उत्तर डोंगरात आहे. पाटण्याच्या जवळच, डोंगराच्या वरच्या अंगाला पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. सरकारी नकाशात ती कन्नड तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. पण पायी चालणाऱ्याला जिल्ह्याची हद्द लागत नाही. इसवी सनापूर्वीच्या शतकांत ती खोदण्यास आरंभ झाला. तेथील कोरीव लेखांत प्रतिष्ठान, म्हणजे आजच्या पैठणच्या दात्यांचे उल्लेख येतात. त्यांत गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या कुळातला एक दाता आहे, राजवैद्याच्या कुटुंबातली माणसे आहेत. एका यक्षमूर्तीच्या हातावर ती घडविणाऱ्याने आपले नाव कोरले आहे : कण्हदास, आणि त्याचा धंदा सोनाराचा. ही मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सोनाराने दगड घडवावा आणि त्यावर आपले नाव प्राकृतात लिहावे, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. संस्कृतातला कृष्णदास तेथे कण्हदास झाला आहे, आणि खानदेशात आज घरोघर श्रावणात जिचा उत्सव होतो त्या कानबाईच्या नावात आपल्याला ‘कान्ह’ ऐकू येतो. या दोन शब्दांचा थेट संबंध मी सांगत नाही. तसे सांगण्याची घाई भाषाशास्त्र करू देत नाही. पण कान जागा ठेवायला हरकत नाही.

सांगायचे ते असे की गोदावरीच्या खोऱ्यातून तापी-गिरणेच्या खोऱ्यात उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी ही जागा होती. वाट आली की माल आला, माल आला की बाजार आला आणि बाजार आला की पाटण आले.

इसवी सनाच्या बाराव्या-तेराव्या शतकांत हा प्रदेश देवगिरीच्या यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याकडे होता. येथील महादेव मंदिरातला शके १०७५ चा लेख त्याच घराण्याचा. परंतु पाटण्याला जगाच्या विद्वत्सभेत नेऊन बसविले ते दुसऱ्या एका शिलालेखाने. मुंबईचे डॉक्टर आणि प्राच्यविद्येचे अभ्यासक भाऊ दाजी लाड यांना तो पाटण्याच्या भवानीच्या देवळात मिळाला आणि १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातून त्यांनी तो अभ्यासकांपुढे ठेवला. पुढे फ्रान्झ कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे संपादन केले. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ सालच्या ग्रंथामुळे तो मराठीच्या विद्यार्थ्याच्या हाती आला.

लेख शके ११२८ चा आहे. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ दिली आहे : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग ‘सिद्धान्तशिरोमणी’कार भास्कराचार्य. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर. यादव राजा जैत्रपालाने त्याची विद्वत्ता पाहून त्याला याच नगरातून आपल्याकडे नेले, असे लेख सांगतो. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी. आजोबांच्या आणि घराण्यातील इतरांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून या चांगदेवाने पाटण्यात एक मठ स्थापन केला. निकुंभ सोइदेवाने त्या मठाला दान दिले आणि त्याचा भाऊ हेमाडीदेव यानेही ते चालविले. भास्कराचार्यांनी आपला जन्मशक १०३६ असा स्वतःच सांगितला आहे आणि आपले गाव सह्याद्रीलगतचे विज्जलविड असल्याचे म्हटले आहे. ते विज्जलविड कोणते, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पाटण्याला मात्र त्या वादाची गरज नाही. भास्कराचार्यांचे गणित शिकविण्यासाठी काढलेली शाळा येथे होती, एवढे दगडावर कोरलेले आहे.

येथपर्यंतचा मजकूर संस्कृतात आहे. छंदोबद्ध, अलंकृत, राजाला आणि विद्वानाला शोभेल असा. पण लेखाच्या शेवटी भाषा बदलते. ज्या ओळीपासून मठाच्या उत्पन्नाचा तपशील सुरू होतो, तेथून लेख मराठीत बोलू लागतो.

या शेवटच्या ओळी मी वर्गात अनेक वर्षे शिकविल्या आहेत आणि दर वर्षी त्या शिकविताना आवाज थोडा बदलतो, असे विद्यार्थी सांगतात. त्या ओळींत काय आहे? या पाटणात जे केणे, म्हणजे विक्रीचा माल, येईल त्यावर राउळाला, म्हणजे राजाला, मिळणारा भाग मठाला दिला आहे. ग्राहकाकडून इतके घ्यावे. जेवढे तेलाचे घाणे चालतील तेवढ्यांकडून पळी पळी तेल घ्यावे. पोफळे, म्हणजे सुपाऱ्या, किती घ्याव्यात तेही सांगितले आहे. आणि जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे, मापाच्या उत्पन्नाचा अर्धा वाटा मठाचा. म्हणजे ग्रहगणित शिकविणाऱ्या त्या शाळेचा दिवा गावच्या तेल्याच्या पळीभर तेलावर जळत होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चा आरंभ मंगलाचरणानंतर परिभाषेने होतो. कवड्यांपासून निष्कापर्यंतची नाणी, वजने, लांबीची आणि धान्याची मापे यांची कोष्टके तेथे आधी येतात. गणित नंतर येते. मठात विद्यार्थी जी मापे पाठ करीत असतील, तीच बाहेर बाजारात ग्राहक आणि विक्रेता यांच्यामध्ये ठेवलेली असत. विद्या आणि व्यवहार यांच्यामध्ये भिंत नव्हती, एक उंबरठा होता. त्या उंबरठ्याच्या आत संस्कृत होती आणि बाहेर मराठी.

प्रश्न असा की कोरणाऱ्याने शेवटी भाषा का बदलली? संस्कृतात कर सांगता आला नसता असे नाही. ताम्रपटांत तो शेकडो वेळा सांगितलेला आहे. पण ज्याच्याकडून तेल घ्यायचे तो तेली, ज्याच्याकडून सुपारी घ्यायची तो ग्राहक आणि जो माप हाती धरणार तो मापारी यांना ते समजणे आवश्यक होते. वंशावळ न समजली तरी त्यांचे काही अडत नव्हते. माप न समजते तर मात्र त्यांची लूट झाली असती, किंवा मठाची. जेथे माणसाच्या पोटाचा आणि गाठीच्या पैशाचा प्रश्न आला तेथे दगडालाही लोकांच्या भाषेत बोलावे लागले. ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली शके १२१२ मध्ये. त्याच्या ८४ वर्षे आधी या आडवाटेच्या पेठेत मराठीने हिशेबाचे काम अंगावर घेतले होते. भाषेला प्रतिष्ठा काव्याने मिळते हे खरे. पण ती टिकते हिशेबाने, भांडणाने, साक्षीने आणि बाजाराने.

त्या ओळींतले एक क्रियापद मला विशेष प्रिय आहे : ‘दीन्हला’. आज आपण ‘दिला’ म्हणतो. प्राकृत ‘दिण्ण’पासून आलेले हे रूप आहे. मी मूळचा धुळे जिल्ह्यातला. आमच्या घरात अहिराणी बोलली जाई आणि ‘दिला’ऐवजी ‘दिन्हा’ हेच रूप माझ्या तोंडी पहिल्यांदा आले. विद्यार्थिदशेत पाटण्याच्या लेखात ‘दीन्हला’ हे रूप वाचले तेव्हा आपल्या आईचा आवाज छापील पुस्तकात ऐकू यावा तसे झाले. शाळेत याच रूपाबद्दल हातावर छडी बसली होती. ‘अशुद्ध बोलतोस’ असे सांगण्यात आले होते. आणि येथे तर ते आठशे वर्षांपूर्वी राजाच्या दानपत्रात कोरलेले होते.

येथे मात्र विद्यार्थ्याने थांबून विचार करावयास हवा, कारण आनंद हा पुरावा नव्हे. ‘दीन्हला’ आणि ‘दिन्हा’ यांत साम्य आहे म्हणून पाटण्याचा लेख अहिराणीत आहे, असा निष्कर्ष निघत नाही. तो लेख जुन्या मराठीचा आहे. ‘दिण्ण’ या प्राकृत रूपाची संतती अनेक घरांत वाढली. जुन्या हिंदीतही ‘दीन्हा’ आहे. अहिराणीचे षष्ठीचे प्रत्यय ना-नी-नं आहेत, ‘आहे’साठी ती ‘शे’ वापरते, ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हणते, ‘घरात’ऐवजी ‘घरमा’ म्हणते. यांतले काही गुजरातीकडे झुकते, काही वऱ्हाडीशी जुळते. जॉर्ज ग्रीअर्सन यांनी भारताच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या खंडात खानदेशीला भिल्ली बोलींच्या सोबत ठेवले. पुढच्या अभ्यासकांनी तिचे नाते मराठीशी अधिक निकटचे मानले, काहींनी तिला स्वतंत्र भाषा म्हटले. हा वाद चालू राहील. मला त्यातून विद्यार्थ्यांसाठी एवढेच घ्यावेसे वाटते की बोली ही प्रमाण भाषेची बिघडलेली प्रत नसते. दोघी एका जुन्या घरातून निघालेल्या असतात आणि कधी कधी धाकटीने जपून ठेवलेला दागिना थोरलीच्या पेटीतून हरवलेला असतो.

पाटण उठले कसे? यादवांची सत्ता चौदाव्या शतकाच्या आरंभी संपली. खानदेशाचे सत्ताकेंद्र फारुकी सुलतानांच्या काळात तापीकाठी, थाळनेर आणि बऱ्हाणपूरकडे गेले. व्यापाराच्या वाटा बदलल्या. १८६० च्या दशकात मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग सपाटीवरच्या चाळीसगावातून गेला आणि १९०० साली तेथून धुळ्याला फाटा निघाला. ज्याच्याजवळून वाट जाते ते गाव वाढते. नाव पाटण्याकडे राहिले, बाजार चाळीसगावला गेला.

गावातल्या एका वृद्ध आजींनी हाच इतिहास मला एका वाक्यात सांगितला होता. शब्द गोळा करण्यासाठी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. आजी ओट्यावर बसून शेंगा निवडत होत्या. आम्ही काय पाहायला आलो हे कळल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘आठे काय शे भाऊ? बठ्ठं ते चाळीसगावमा शे.’’ दवाखाना, कॉलेज, बँक, बियाणे, खत, दागिने, लग्नाचा बस्ता, सारे चाळीसगावात. सात शतकांच्या स्थित्यंतराचा याहून नेमका सारांश मला लिहिता आलेला नाही.

आजचे पाटणे आणि भोवतालची गावे कापूस, मका, बाजरी यांवर जगतात. तापीकाठच्या केळीची श्रीमंती या बाजूला नाही. पाऊस डोंगरावर पडला तर नाले भरतात. न पडला तर विहिरींचा तळ दिसतो. आणि कधी कधी तो अंगावर येतो. ३१ ऑगस्ट २०२१ ला डोंगरावर झालेल्या अतिवृष्टीने डोंगरी आणि तितूर या नद्यांना पूर आला, चाळीसगाव शहरात आणि काठच्या गावांत पाणी शिरले, जनावरे वाहून गेली, कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. दिवाळी झाली की तालुक्यातल्या तांड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्यांची वाहने निघतात. घराला कुलूप, म्हातारी माणसे मागे आणि लहान मुले कधी मागे, कधी सोबत. परिसरात अहिराणी आहे, भिल्लांची बोली आहे, तांड्यांवर बंजारा समाजाची गोरमाटी आहे आणि शाळेत प्रमाण मराठी आहे. सहा वर्षांचे मूल पहिलीत येते तेव्हा ते एखादी भाषा घेऊन आलेले असते. पण पुष्कळदा त्याला काहीच येत नाही, असे समजून शिकविण्यास आरंभ होतो.

नवरात्रात मात्र पाटणे नऊ दिवस पुन्हा पाटण होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकाने लागतात : नारळ, खण, कुंकू, बांगड्या, खेळणी, भजी, उसाचा रस. एस.टी.च्या जादा गाड्या सुटतात. एका वर्षी त्या गर्दीत उभा राहून मी फक्त ऐकत होतो. बांगडीवाला गिऱ्हाइकाशी अहिराणीत भाव करीत होता, ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्या मुलाची सूचना प्रमाण मराठीत दिली जात होती आणि मंदिरात संस्कृत स्तोत्र चालू होते. शिलालेखातला भाषांचा श्रमविभाग जवळजवळ जसाच्या तसा जिवंत होता. शिलालेखातला ‘ग्राहक’ही होता, त्याचे ‘गिऱ्हाईक’ झाले होते एवढेच.

पण एक फरक आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. त्या लेखात माप लोकांच्या भाषेत होते. आज मापाची भाषा त्यांच्यापासून पुन्हा दूर गेली आहे. कापूस विकायला नेलेला शेतकरी इलेक्ट्रॉनिक काट्यावरचे आकडे वाचतो. पण ओलाव्याचे प्रमाण, प्रत आणि कट्टी ज्या शब्दांत सांगितली जाते ते शब्द त्याचे नसतात. पीकविम्याचा अर्ज, ई-पीक पाहणीचे ॲप, बँकेचे कर्जपत्र हे मराठीत असले तरी ती मराठी समजावून देणारा कोणीतरी लागतो. सातबारा हाती घेऊन ‘हे काय लिहिलंय, वाचा बरं’ असे म्हणणारी माणसे मला पाटण्यात भेटली आणि धुळ्याच्या चौकातही भेटली. ज्या मजकुरावर माणसाची जमीन अवलंबून आहे तो मजकूर त्याला कळू नये, हे तेराव्या शतकातल्या त्या कोरणाऱ्याला मान्य झाले नसते.

माझी आई शाळेत गेली नव्हती. खळ्यावर पायलीने धान्य मोजताना ती पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. ही प्रथा आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. मोजणे हे तिच्या लेखी नुसते गणित नव्हते; त्यात कृतज्ञता होती, शकुन होता आणि हिशेबही चोख होता. वडिलांनी सांगितलेल्या आकड्यात फरक पडला की ती तेथेच थांबवी. तिचे माप तिच्या भाषेत होते म्हणून तिला कोणी फसवू शकले नाही. घराबाहेर, कचेरीत गेल्यावर मात्र तीच बाई गप्प होत असे. तिला विचार करता येत नव्हता असे नाही. तिच्या विचाराची भाषा तेथे चालत नव्हती.

एका संपर्कसत्रानंतर चाळीसगाव तालुक्यातली एक विद्यार्थिनी थांबली. वय चाळिशीच्या पुढे, मुलगी बारावीला. तिने विचारले, ‘‘सर, प्रकल्पात आजीच्या तोंडची वाक्ये अहिराणीत लिहिली तर गुण कापले जातील का?’’ प्रश्न गुणांचा होता, पण मला त्यात छडीचा आवाज ऐकू आला. मी तिला म्हटले, आजीची वाक्ये आजीच्याच भाषेत लिहा, जशी ऐकली तशी; आणि त्यांवरचे तुमचे विवेचन प्रमाण मराठीत लिहा. दोन्हींची गरज आहे. पाटण्याच्या लेखाने हेच केले आहे. ज्याला जी भाषा हवी ती त्याला द्यावी आणि एकीसाठी दुसरीला उठवू नये.

खानदेशाने याचे दुसरे मोठे उदाहरण घालून दिले आहे. जळगावजवळच्या आसोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या लेवा बोलीतली. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकरूपाने आली. ज्या बोलीला कोणी साहित्याची भाषा मानले नव्हते, तिने मराठी कवितेत आपली जागा घेतली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण मुलगा सोपानदेव यांनी आणि घरातल्या माणसांनी ती गाणी टिपून ठेवली नसती तर काय झाले असते? अशा किती बहिणाबाई कोणी टिपून न घेतल्यामुळे गेल्या असतील? धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे यांच्या मृत्यूनंतर १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाडे गावोगाव हिंडून माळ्यावरची दप्तरे गोळा करीत. त्यांनी जमविले ते कागद. आज कागदांहून अधिक वेगाने जे नाहीसे होत आहे ते माणसांच्या तोंडचे आहे : शेतांची नावे, नाल्यांची नावे, औजारांचे भाग, मापे, शिव्या, ओव्या, आखाजीची गाणी.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, आपल्या गावाला इतिहास आहे की नाही हा प्रश्न विचारण्यापूर्वी एक साधे काम करून पाहा. गावातील सर्वांत वृद्ध व्यक्तीकडून गावशिवारातल्या पन्नास जागांची नावे लिहून घ्या. ती सुधारू नका. जसा उच्चार ऐकला तसा लिहा. कोणते शेत कोणत्या नावाने ओळखले जाते आणि का, ते विचारा. पूर्वी धान्य कशाने मोजत, तेल कशाने, जमीन कशाने, ते विचारा. आपल्याकडे शिलालेख नसेल. पण ज्या शब्दांवर गाव व्यवहार करते ते शब्द आहेत. पाटण्याच्या दगडात शेवटी उरले आहेत तेही असेच शब्द : माल, ग्राहक, घाणा, पळी, माप.

त्या लेखातील राजांची बिरुदे आज कोणाच्या तोंडी नाहीत. जैत्रपाल आणि सोइदेव ही नावे पाटण्यातल्या मुलांना पुस्तकात वाचावी लागतात. पळी मात्र त्यांच्या स्वयंपाकघरात टांगलेली आहे, आणि ‘दिन्हा’ म्हणणारी आजी अजून ओट्यावर बसलेली आहे. तिच्या शेजारी वही घेऊन बसायचे असेल तर ते याच वर्षी बसावे.